समासातला शेरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी दुसरं काहीच लपवलं नव्हतं.

विश्वातला सर्वांत जुना प्रकाश आपल्यापर्यंत येताना वाटेतल्या वस्तुमानामुळे किंचित वाकतो. ते वाकणं नेमकं मोजता आलं, तर न दिसणाऱ्या पदार्थाचा नकाशा काढता येतो. त्या 'तर'पाशी मी बारा वर्षं अडलो होतो. मग आमच्या संस्थेत सुजाता आली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या फिटरची मुलगी. दीड वर्षात तिनं वाट काढली.

आमच्याकडे रीत होती — लेख बाहेर जाण्याआधी एका ज्येष्ठानं वाचून शेरा द्यायचा. ती माझ्याकडे आली. माझ्याकडेच का? "सर, तुमच्याइतकं बारीक कुणी वाचत नाही," म्हणाली.

बारीकच वाचला. सदाशिव पेठेतल्या घरी बसून सगळं गणित स्वतः केलं — चूक सापडावी म्हणून, हो, त्यासाठीच. दर पानाला वाटायचं, आता घसरेल. घसरली नाही. आणि ते इतकं सोपं होतं! मला का सुचलं नाही? कुणी तिचं नुसतं नाव काढलं, तरी तोंडातला चहा कडू लागायचा.

शेवटी समासात लिहिलं : 'हा परिणाम दुर्बिणीच्या दोषामुळे दिसतो. सर्व पुन्हा तपासावे.' खाली सही. तसं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सात महिने ती नसलेली चूक शोधत राहिली. "सर, सापडतच नाही हो. माझंच डोकं चालेनासं झालंय." मी म्हणायचो, "घाई काय आहे?"

मग परदेशातल्या एका गटाचा लेख छापून आला. तीच वाट, तेच उत्तर. तो हातात घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली, आणि मी — काय म्हणालो असेन?

"अगं, मग ठामपणे सांगायचं नाही का? स्वतःवर एवढाही विश्वास नको?"

"चुकलंच माझं, सर."

महिन्याभरात ती एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली. तेव्हा सगळेच जात होते. कँटीनमध्ये मी मोठ्यानं म्हणालो, "आयटीचा पगार दिसला, की आकाश कुणाला दिसतंय!" सगळे हसले.

सुजातानं पगारासाठी संशोधन सोडलं, असं तिथे अजून सांगतात. ते खोटं आहे. मी पसरवलेलं आहे.