बिडी सुटल्याची साक्ष

इसहाकरावांनी बिडी सोडली ती एकट्यानं नाही. सगळ्या मिशन कंपाउंडला कामाला लावून सोडली. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की ते अंगणातून आवाज द्यायचे, "अरं, इथं माणूस बिडी सोडतोय. जरा दम धरा की." कुकर कसला दम धरतोय? पण शेजारीण बिचारी गॅस बारीक करायची.

कारण असं, की शिरूरच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, पंचांची निवडणूक तोंडावर आली होती आणि पंचाला व्यसन चालत नाही. इसहाकराव शिक्रापूरच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. रिटायर होऊन घरी बसले, तरी त्यांचं बोलणं काही गोडाऊनमधून बाहेर आलं नव्हतं. साखर संपली की "स्टॉक निल". पाहुणे आले की "मटेरियल इन". अशा माणसाला पंच व्हायची हौस नसायची तर कुणाला? पहिल्या बाकावर बसायचं, दानाची थैली फिरवायची, मध्येच उठून पाळकसाहेबांच्या कानात काहीतरी सांगायचं. काय सांगितलं ते कुणालाच कळत नाही, आणि खरं सुख तेच.

बिडी त्यांनी आधीही सोडली होती. नाताळला सोडायची, नव्या वर्षाला धरायची. उपवासकाळात सोडायची, ईस्टरच्या मटणावर धरायची. "पण या टायमाला टोटल शटडाऊन," असं त्यांनी पाळकसाहेबांना फोनवर सांगितलं. फोन स्पीकरवर होता, म्हणजे कंपाउंडलाही सांगून झालं.

शटडाऊन म्हणजे काय ते त्यांच्या बायकोला, हन्नाबाईला विचारावं. इसहाकराव सकाळपासून खाटेवर आडवे, डोक्याला रुमाल आवळलेला. "हन्ना, चहा. हन्ना, ह्यो चहा हाय का काढा? हन्ना, पंखा लाव. पंखा कशाला लावलास, थंडी वाजतीय मला." मीठ कमी झालं तर ताट सरकवायचं, जास्त झालं तर ढकलायचं, आणि बरोबर झालं तर "तोंडाला चवच न्हाई" म्हणून उसासा टाकायचा. तो उसासा हन्नाबाईला पाठ होता. नाकातून निघायचा, छातीत घुटमळायचा आणि "देवा रं" म्हणता म्हणता एक डोळा दाराकडे लावायचा, कुणी येतंय का बघायला.

येणारे येतही होते. कुणी केळी आणली, कुणी लिंबाच्या गोळ्या. जेम्स पाळक संध्याकाळी प्रार्थनेला आले. पाळक तरुण होते, एरवी साधंच बोलायचे, पण डोळे मिटले की त्यांचा आवाज पायऱ्या चढून माडीवर जायचा. "हे प्रभोऽऽ, तुझा हा दासऽऽ, धुराच्या बंधनातूनऽऽ..." दासानं नेमकं तिथंच खोकून दाखवलं. सून डायनानं भरपूर तूप घालून शिरा केला. "बिडी सोडल्यावर गोड खावंसं वाटतं, मोबाइलवर दिलंय," ती म्हणाली. इसहाकरावांना ते मोबाइलनं सांगायच्या आधीच वाटत होतं.

हन्नाबाई चहा गाळत होती आणि तिचं स्वतःचं डोकं ठणकत होतं. कारण तंबाखू तिनंही सोडली होती, आणि नवऱ्याच्या आधी सोडली होती. फक्त ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिची तंबाखू म्हणजे मिश्री. तव्यावर काळीभोर भाजायची, चुरून डबीत भरायची, बोटानं दातांना लावायची. राहू गावात, माहेरी असताना दाढ दुखली म्हणून आईनं बोटावर घालून दिली होती. दाढ पुढं पडली, मिश्री राहिली. मिशनच्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात पोरांच्या भाकऱ्या थापत तिनं जन्म काढला तो या डबीच्या जोरावर. पण तिला कधी कुणी व्यसनी म्हटलं नाही. पुरुष बिडी ओढतो, बाई मिश्री लावते. जशी पावडर लावते, दिवा लावते, दाराला कडी लावते. लावण्यात कसलं आलंय व्यसन?

मग तिला ठेचा सोसेनासा झाला. भाकरीचा मोठा घास तोंडात जाईना. शिरूरमध्ये डॉक्टरकडं जावं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीला खबर, म्हणून ती दौंडला बहिणीकडं गेली आणि तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना तोंड दाखवलं.

"आजी, तोंड उघडा."

"उघडलंय की."

"अजून."

"आता काय जबडा काढून हातात देऊ व्हय?"

डॉक्टरीण हसली नाही. तिनं दोन बोटं उभी करून हन्नाबाईच्या दातांमध्ये धरली. तीन जायला पाहिजेत, म्हणाली, तुमची दोनच जातात. गालाच्या आतून पांढरं पडलंय. मिश्री आजपासून बंद केली तर इथंच थांबेल कदाचित. लावत राहिलात तर एक दिवस गाल कापावा लागेल.

हन्नाबाई घरी आली आणि मिश्री बंद केली. भरलेली डबी न्हाणीतल्या फळीवर तशीच राहू दिली. फेकली असती तर का फेकली ते सांगावं लागलं असतं, आणि ती सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात इसहाकरावांचं शटडाऊन सुरू झालं. मग तिचं कोण ऐकतंय?

तिच्या सोडण्यात शिरा नव्हता. पोट साफ होईना, झोप लागेना. एकदा दुधाचं पातेलं हातातून सुटलं, तर डायना म्हणाली, "मम्मी, बीपीची गोळी चुकली का?" एकदा ती नवऱ्यावर खेकसली, "पाणी तुमचं तुम्ही घ्या." इसहाकराव सुनेला हळूच, म्हणजे रस्त्यापर्यंत जाईल इतक्या हळू, म्हणाले, "तुझ्या सासूचं वय झालं. उगाच चिडचिड करतीय. माझ्याकडं बघ, बिडी सोडून कसा शांत हाय." आणि शांतपणे बशी आपटली.

पुढं मात्र इसहाकराव खरोखरच शांत झाले. डोक्याचा रुमाल सुटला. बशा वाचल्या. फक्त त्यांना दात घासायचा नाद लागला. सकाळी घासायचे, जेवून घासायचे, दुपारी झोपेतून उठले की पुन्हा न्हाणीचं दार बंद. बाहेर येताना ओठ घट्ट मिटलेले. वेळ विचारली तरी कंपनीचा इतिहास सांगणारा हा माणूस आता नुसतं "हूं" म्हणायला लागला.

"पप्पा किती स्वच्छ राहायला लागलेत," डायना म्हणाली.

हन्नाबाईनं ते ऐकलं आणि तिला डबी आठवली. फळीवरून काढून बघितली तर आत तळ दिसत होता. आधी तिला स्वतःचाच संशय आला, झोपेत उठून आपणच लावतोय की काय? तलफ माणसाला काहीही करायला लावते. म्हणून दुपारी इसहाकराव दात घासायला गेल्यावर तिनं न्हाणीचं दार ढकललं. कडी लावायची राहिली होती.

इसहाकराव आरशासमोर उभे, बोट पार दाढेपर्यंत गेलेलं, हनुवटीवर काळा ओघळ.

"काय चाललंय?"

"हूं."

"थुका आधी. मग बोला."

ते थुंकले. "दात घासतोय."

"माझ्या डबीतनं?"

"मग? बिडी वढतोय का मी? धूर निघतोय का कुठनं? बघ." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. चांगली चार बोटं मावतील एवढं उघडलं.

"अहो, तंबाखूच हाय ती."

"ती मिश्री हाय. बायका लावत्यात. व्यसन असतं तर बायकांनी लावली असती का?"

"मी सोडलीय," हन्नाबाई म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणल्या, न्हाई सोडली तर गाल कापावा लागंल."

इसहाकरावांनी तिच्या गालाकडं बघितलं, मग डबीकडं. हन्नाबाईला वाटलं, आता तरी हा माणूस माणसासारखं काही बोलेल.

"म्हंजी आता भाजणार कोण?" इसहाकराव म्हणाले.

आणि मग त्यांनी स्टोअरमधल्यासारखी सगळी व्यवस्था लावून दिली. "हे बघ, स्टॉक निल व्हायच्या आत एकदा भाजून ठेव. निवडणूक होस्तोवर. मी दुकानात गेलो तर लोक म्हणतील, इसहाक तंबाखू घेतोय. तू गेलीस तर कुणाचं ध्यानबी जात न्हाई. तू लावू नको, नुस्ती भाज. वासानं काय हुतंय?"

वासानं काय होतं ते तिलाच ठाऊक. तंबाखू तव्यावर करपायला लागली की दात शिवशिवतात, बोट आपोआप वर जातं. तिनं एवढं दात आवळून सोडलेलं त्या एका तव्यावर भाजून निघालं असतं.

"आन् रविवारी माझी साक्ष हाय," इसहाकराव जाता जाता म्हणाले. "माझं झालं की तू उभी राहा. जास्त लांबण लावू नको. नुस्तं म्हण, ह्यांची बिडी सुटली."

साक्ष म्हणजे उपासनेत उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. रविवारी इसहाकराव इस्त्रीच्या शर्टात उभे राहिले. खालच्या ओठाखाली चिमूट होतीच, त्यामुळं 'प्रिय मंडळी'चं 'प्लिय मंडली' झालं. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. "माझ्या फुप्फुसाचं गोडाऊन धुरानं फुल्ल होतं," ते म्हणाले. "प्रभूनं सगळा डेड स्टॉक बाहेर काढला." पुरुषांच्या बाकांवरून दणदणीत आमेन आलं. इसहाकरावांनी आवंढा गिळला, डोळ्यांत पाणी आलं. ते मिश्रीचं होतं. बायकोला त्यांनी डोळ्यांनी खूण केली.

हन्नाबाई पदर सावरून उभी राहिली. "ह्यांची बिडी सुटली, हे खरं हाय."

"आमेन."

बस आता, अशी इसहाकरावांनी हाताने खूण केली. ती बसली नाही.

"माझीबी मिश्री सुटली. ह्यांच्या आधी. माझ्या घरी प्रार्थनेला कुणी आलं न्हाई, शिराबी न्हाई झाला, तरी सुटली." मग तिनं बायकांच्या बाकांकडं बघितलं. "डबी न्हाणीतच हाय. मी बोट लावत न्हाई. सून पेस्टनं दात घासती. तरी डबीला तळ लागलाय. एवढीच माझी साक्ष."

बायकांच्या बाजूला मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं नाकातून फुस्स केलं आणि तिथून हसू बाकाबाकानं पुढं आलं. डबी कशी संपते ते त्यांना सांगायला लागत नाही. पुरुष मात्र पंख्याकडं बघत बसले. सून पेस्ट लावते, यात हसायचं काय?

जेम्स पाळकांनी आवाज खाली आणला. "इसहाकराव, आपल्याला काही बोलायचंय?"

"हूं," इसहाकराव म्हणाले. ओठ मिटून.

आणि तरी ते निवडून आले. उपासना सुटल्यावर बायकांनी फोड करून सांगितली, तेव्हा पुरुषांनी अंगणात उभ्या उभ्या निकाल लावला, "मिश्रीचं काय एवढं? दातच घासतोय बिचारा." पंचाला व्यसन नसावं असा नियम आहे, मिश्री नसावी असा कुठं आहे? हन्नाबाईच्या साक्षीचं पण चीज झालं. नव्या पंचांच्या सत्काराचा चहा तिनं करायचा असं ठरलं.

"बघ," इसहाकराव घरी येऊन म्हणाले, "तू एवढं बोललीस तरी आलोच की न्हाई? आता तरी भाज."

"तंबाखू आणा. तवा देते."

पंच स्कूटरवरून पार शिक्रापूरला गेले आणि हायवेवरच्या टपरीवरून, डोक्यावरचं हेल्मेट न काढता, तंबाखू घेऊन आले. तोवर हन्नाबाईनं अंगणात विटांवर तवा मांडला होता, खाली काटक्या पेटवल्या होत्या. न्हाणीतली डबी शेजारी ठेवली होती.

"इथं? लोक बघतील."

"घरात वास बसतो. मला सोसत न्हाई. ती डबी आजपासनं तुमची. भाजा आता तुमची तुम्ही."

एवढं बोलून ती समोरच्या ओट्यावर, वारा लागणार नाही अशा बाजूला, लवंग चघळत जाऊन बसली. नाकाला फडकं बांधून भाजतात हे पंचांना कुणी सांगितलं नव्हतं. तंबाखू तडतडली, धूर वर आला. येणारेजाणारे थांबायला लागले. "सलाम पंच, काय शिजतंय?"

"हूं," पंच म्हणाले, आणि खोकले.

वास ओट्यापर्यंत आलाच. हन्नाबाईचं बोट उठलं, दातापर्यंत गेलं. तिथं तिनं ते थांबवलं, शेजारचं दुसरं त्याला जोडलं आणि दोन्ही उभी करून दातांमध्ये धरली. अजून दोनच. पण दोन तरी जात होती.

तेवढ्यात पंचांना शिंक आली. ती त्यांनी तव्यावरच दिली. तव्यातली सगळी मिश्री उडाली आणि इसहाकरावांच्या तोंडावर, इस्त्रीच्या शर्टावर बसली. पांढरे उरले ते फक्त डोळे.

हन्नाबाई हसली. दोन बोटं उघडतं तेवढ्याच तोंडानं, पण पोटभर.