न धुतलेली सुई

गोंदायचं काम शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला ओकारी आली. जिच्याकडे शिकायचं होतं त्या बाईला सगळे अक्का म्हणायचे. धुळ्याच्या आठवडी बाजारात तिची बसायची जागा ठरलेली होती. समोर गोणपाट, त्यावर काजळीची वाटी, बांबूच्या काडीला दोऱ्याने बांधलेल्या तीन सुया आणि एक फडकं. मूळ रंग कोणता होता ते त्या फडक्यालाही आठवत नसेल. रक्त आणि काजळी वाळून ते पापडासारखं कडक झालं होतं. त्याच्यावर माशा बसायच्या, आणि त्याच फडक्याने अक्का गिऱ्हाइकाची हनुवटी पुसायची. काजळी घट्ट झाली की तोंडातली मशेरी एका गालात सारायची आणि वाटीत थुंकायची.

"थुंकीनं रंग धरस," म्हणायची. "पाण्यानं नही."

तरी मी गेले, दर बाजाराला गेले. नवऱ्याने घरात दुसरी आणली म्हणून मी धुळ्याला भावाकडे आले होते. चौथी शिकलेल्या बाईला कोण काय काम देणार? भावाच्या घरी भाकरी मिळायची, पण ती भावजयीच्या हातून मिळायची आणि तिच्या टोमण्यांसकट गिळावी लागायची. हातात धंदा आला की एक खोली भाड्याने घेईन आणि स्वतःच्या तव्यावर भाकरी टाकीन, एवढंच डोक्यात होतं. त्यासाठी मी अक्काची थुंकी दर आठवड्याला बघितली.

घरी सराव करायचा तो दुधी भोपळ्यावर. त्याची साल ताणून धरायची, सुई सरळ टोचायची, आत खोल जाऊ द्यायची नाही. एकदा मी टोचलेला भोपळा भावजयीने तसाच चिरला. भाऊ जेवायला बसला, ताटातली फोड उलटसुलट केली आणि म्हणाला, "आज भाजीबी गोंदेल शे का?"

"तुमना बहीनले इचारा," भावजय म्हणाली. "मनुष्य भेटत नही म्हनीसन भोपयाले कुकू लायी ऱ्हायनी."

भाऊ हसला. मी नाही हसले. भाजी मात्र खाल्ली.

अक्काकडे शिकणारीने आधी नुसती पिशवी उचलायची, गिऱ्हाइकाचा हात धरायचा, कातडी ताणायची. शिक्षण पुरं झालं असं अक्काला वाटलं की ती चालू सुई, म्हणजे तीन सुयांची ती काडी, आपल्या हातातून शिकणारीच्या हातात द्यायची. ती सुई धुवायची नसते. त्या तीन सुयांत एक अक्काच्या गुरूची होती, तिलाही कधी पाण्याचा थेंब लागला नव्हता. सुई धुतली की हात उतरतो, म्हणजे त्या हाताला यश येत नाही, असं गोंदणाऱ्या बायकांत पक्कं होतं. अशी सुई मिळाल्याशिवाय बाजारात कोणी बाई तुमच्यापुढे तोंड करून बसणार नाही.

माझा तो दिवस पांझरा नदीकाठच्या जत्रेत आला. पहिलं गिऱ्हाईक म्हणून भावजयीने आपली मुलगी आणली, कारण मी पैसे घेणार नव्हते. भाचीचं लग्न जळगावला, पिंप्राळ्यात ठरलं होतं. हनुवटीवर गोंदण नसलेल्या सुनेच्या हातचं पाणी पिणार नाही, असं तिच्या सासूने सांगून ठेवलं होतं.

आमच्या आधी एक बाई बसली होती. तिला दंडावर विंचू हवा होता. दंड खरजेने भरलेला, फोडांतून पिवळं पाणी येत होतं. अक्काने फोडांच्या मधे मधे जागा शोधत विंचू काढला. एक फोड फुटला, तो तिने फडक्याने पुसला. बाई उठली. अक्काने तीच सुई माझ्या हातात ठेवली.

"ले. आते हाई तुनी."

सुया ओल्या होत्या. भाची समोर बसून हनुवटी वर करून होती, डोळे मिटलेले.

मी उठले. शेजारी चहाची गाडी होती. तिथे पातेल्यात नुसतं पाणी उकळत होतं. मी सुया त्यात बुडवल्या आणि धरून ठेवल्या.

"ओ मावशी!" चहावाला ओरडला. "लोकांना काय सुईचा काढा पाजू का?" त्याने सगळं पातेलं रस्त्यावर ओतलं.

अक्का जागची हललीही नाही. म्हणाली, "गया तुना हात. आते जलमभर भोपयाच टोच." मी काडी पुढे केली तर तिने हात मागे घेतला. बाटलेली सुई तिला नको होती.

मी भावजयीकडे पाहिलं. आता ही मुलीला उठवून नेणार, असं मला वाटलं. तिनेही तो दंड पाहिला होता.

"बाई, तूच टोच," ती म्हणाली. "उरक लवकर."

काजळी मी घरची वापरली, सरावासाठी बाटलीत कालवलेली. पण उकळल्यामुळे दोरा सैल झाला होता आणि सुया फाकल्या होत्या. टिंब गोल आलं नाही, चुलीच्या तीन दगडांसारखं आलं. अक्काने मान लांब करून पाहिलं आणि मशेरी थुंकली.

पिंप्राळ्याच्या सासूने ती हनुवटी उजेडात धरून विचारलं, "ही कुठली तऱ्हा?"

"आमच्या धुळ्याकडे असंच गोंदतात," भावजय म्हणाली. सासू पाणी प्यायली.

माझ्यापुढे मात्र कोणी बसलं नाही. दोन बाजार मी गोणपाट टाकून बसले. बायका लांबून बघायच्या, एकमेकींना कोपराने ढोसायच्या आणि अक्काकडे जायच्या, त्या फडक्याकडे. मी खोली घेतली नाही. भावजयीच्या हातची भाकरी खात राहिले. तिचे टोमणे कमी झाले नाहीत, फक्त भोपळ्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

परवा भाचीची मुलगी पार्लरमध्ये जाऊन भुवया कायमच्या करून आली. मी विचारलं, "सुई नवी होती का?" ती म्हणाली, "आजी, माझ्यासमोर पाकीट फोडलं." मग ठीक आहे. भुवया मात्र दोन सुरवंट चिकटवल्यासारख्या दिसतात, ते मी तिला तोंडावर सांगितलं.

माझ्या तीन सुया मी केव्हाच सोडवल्या. दोन हरवल्या. अक्काच्या गुरूची जी होती तिने मी पायातले काटे काढते. आधी उकळून घेते.