पंच्याण्णवच लागतं

"साहेब, तुमीच सांगा अण्णांना. हितं शिफारस लिवलीया का सक्ती?"

मिलिंदने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतल्या स्टिकरवर बोट ठेवलं होतं. एरवी तो मला सत्या म्हणायचा. पण शेजारी त्याचे मालक, माणचे अण्णा, उभे होते. भूगावच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस ॲडव्हायझर आहे, तिथे मालकांसमोर तो मला साहेबच म्हणायचा. गाडी दुरुस्तीच्या तिसऱ्या बेमध्ये होती, बोनेट उघडं होतं आणि दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

स्टिकरवर दोन आकडे होते. मोठ्या अक्षरात ९५ आणि पुढे 'रेकमेंडेड'. खाली बारीक अक्षरात ९१ आणि पुढे 'मिनिमम'.

"शिफारस म्हंजी आमदाराची असती तसली का?" अण्णा म्हणाले. "आणली तर बरी, न्हाई आणली तरी काम हुतंय?"

"तसंच हाय अण्णा," मिलिंद म्हणाला.

तो बरोबर बोलत होता. ते मला माहीत होतं. मी काय उत्तर दिलं ते सांगायला मला चार वर्षं लागली. त्याआधी ऑक्टेन म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे माझी चूक नीट कळेल.

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते. मग स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि तिथून जाळ पसरत जातो. दाब आणि उष्णता फार झाली तर थोडं पेट्रोल जाळ पोचायच्या आत आपलं आपण पेटतं. तेव्हा टकटक असा आवाज येतो, डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. याला आम्ही नॉकिंग म्हणतो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, त्याचा धीर. आकडा मोठा असेल तितकं ते दाबाखाली जास्त तग धरतं. टर्बो इंजिनात दाब जास्त, म्हणून कंपनी ९५ सुचवते. त्या वेळी साधं पेट्रोल ९१चं होतं. ते भरलं तर इंजिनावरचा नॉक सेन्सर टकटक ऐकतो, कॉम्प्युटर ठिणगीची वेळ जरा मागे नेतो आणि आवाज थांबतो. पिकअप थोडा कमी होतो, ॲव्हरेज थोडं पडतं. एवढंच. स्टिकरवरचा किमान आकडा सांभाळला तर गाडी मरत नाही.

अण्णांची गाडी मात्र ताम्हिणीच्या चढावर वाजत होती, ओढत नव्हती आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागत होता. अण्णांची जमीन आयटी पार्कात गेली. उरलेल्या जागेत त्यांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. गाडी मुलाने हौसेने घेऊन दिली होती. अण्णांना चालवता येत नव्हती, म्हणून मिलिंद. तो उरवड्याचा. माझ्या शब्दावरच अण्णांनी त्याला ठेवला होता.

मिलिंद आणि मी आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या एका बेंचवर होतो. त्याचा कान असा होता की इंजिनशेजारी नुसतं उभं राहून तो टायमिंग कुठे चुकलंय ते सांगायचा. मास्तर आधी त्याला बोलवायचे, मग मीटर लावायचे. शेवटच्या वर्षी त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. मला कंपनीत अप्रेंटिसशिप मिळाली, त्याने उरवड्यातल्या कारखान्याचा टेम्पो धरला. पिरंगुटला दोघांनी मिळून गॅरेज टाकायचं आमचं ठरलं होतं. ते दर वर्षी पुढच्या वर्षावर जायचं. दुपारी कधीही त्याचा फोन यायचा. तो काही बोलायचा नाही, मोबाईल कुठल्या तरी बोनेटजवळ धरायचा. मग म्हणायचा, "वळख." मी चुकायचो. "तू टायच बांध," असं म्हणून हसायचा आणि फोन ठेवायचा.

त्या दिवशी सकाळी गाडीचे प्लग मी स्वतः काढले. पांढरेफटक पडले होते, टोकाशी फोड आल्यासारखे. मी प्लगवरचा नंबर वाचला आणि मागच्या सर्व्हिसचं जॉब कार्ड काढून बघितलं.

दोन महिन्यांपूर्वी याच गाडीच्या सर्व्हिसला कंपनीने सांगितलेला प्लग स्टॉकमध्ये नव्हता. अण्णांना संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. मी टेक्निशियनला म्हणालो होतो, "हा बसव, चालतंय." मापाला तो बसतो. पण प्रत्येक प्लगचा एक गुण असतो. काही प्लग उष्णता लवकर बाहेर टाकतात, काही धरून ठेवतात. मी दिलेला धरून ठेवणारा होता. चढावर, पाच माणसं आणि एसी चालू असताना त्याचं टोक निखाऱ्यासारखं तापायचं आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवायचं. कॉम्प्युटर ठिणगी मागे नेऊ शकतो. निखाऱ्याला कोण मागे नेणार?

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. पाटणकर सर जेवणाचा डबा उघडत होते.

"इंजिन गेलंय का?"

"नाही सर. वेळेत आली गाडी."

"मग प्लग बदल आणि सोड."

"कारण काय सांगू?"

"टाकीत कुठलं पेट्रोल आहे?"

"साधं. ड्रायव्हर म्हणतो, कधी कधी भरलंय."

"मग झालं की. नॉकिंग साध्या पेट्रोलने होतं की नाही?"

"होऊ शकतं सर, पण इथे..."

"सतीश, मी तुला खोटं बोल म्हणतोय का?"

नव्हतेच म्हणत. म्हणून तर ते सोपं गेलं. मी बेमध्ये परत आलो तेव्हा मिलिंद झाकण उघडून उभा होता आणि त्याने तो शिफारशीचा प्रश्न विचारला.

मी म्हणालो, "लागतं अण्णा. या गाडीला पंच्याण्णवच लागतं."

मिलिंदने झाकण लावलं. अगदी हळू लावलं.

"मी तुला चांगलंच भर म्हनलो हुतो का न्हाई?" अण्णा त्याला म्हणाले.

"अण्णा, आपल्या रस्त्याला ते कवा कवा मिळत न्हाई. तवाच साधं भरलंय. तुमी मागं झोपल्यालं असता, उठवत न्हाई मी."

"झोपल्यालं असतो म्हनून व्हय? चांगल्याचं पैसं घ्यायचं, साधं वतायचं, आन् म्हाताऱ्याला झोपू द्यायचं?"

मिलिंद माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. आयटीआयत मास्तरांनी प्रश्न विचारला आणि मला उत्तर आठवेना झालं की तो असाच बघायचा, येईल, येईल, अशा नजरेने. मी जॉब कार्डवर लिहीत राहिलो.

"चावी ठिव," अण्णा म्हणाले.

त्याने चावी बोनेटच्या कडेवर ठेवली आणि चालत बाहेर पडला. भूगावहून उरवडं काही जवळ नाही.

मी नवे, बरोबर प्लग बसवले. टाकीतलं साधं पेट्रोल काढून पंच्याण्णव भरलं. दुसऱ्या दिवशी गाडी ताम्हिणी चढून आली, जराही वाजली नाही. अण्णा खूश. पेट्रोलचाच दोष होता हे आता त्यांना प्रत्यक्ष दिसलं होतं. त्यांनी मला आंबेमोहोराचं एक पोतं पाठवलं. तो तांदूळ शिजला की वास जिन्यापर्यंत यायचा. बायको म्हणायची, "तुम्हाला हल्ली भात नको असतो." मी पित्ताचं कारण सांगायचो.

अण्णा मनाचे वाईट नव्हेत, पण तोंडाचे मोकळे. ड्रायव्हर पेट्रोलमध्ये हात मारत होता, हे त्यांनी माणमध्ये सांगितलं, भूगावमध्ये सांगितलं, सोयऱ्यांत सांगितलं. ते उरवड्याला पोचलंच. तिथल्या बुद्धविहाराची चावी मिलिंदकडे असायची. ती त्याने आपणहून दुसऱ्याकडे दिली. कुणी मागितली नव्हती. हे मला त्याच्या शेजाऱ्याकडून कळलं. त्या दिवशी मी उरवड्याच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आलो.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मी तरी कुठल्या तोंडाने करणार? रोज एखादी गाडी काहीतरी अवघड आवाज करत यायची आणि माझा हात मोबाईलकडे जायचा. वीस वर्षांची सवय. नव्या मशिनी आल्या, स्कॅनर आले, लॅपटॉपवर आलेख दिसू लागले. पण एखादा आवाज कुणाबरोबर तरी ऐकावा लागतो. तो माणूस नव्हता. एकदा पिरंगुटच्या बाजारात समोर आला. हातात मेथीची जुडी होती. "बरं हाय ना?" म्हणाला. मी "हो" म्हणालो. तो पुढे गेला. मी बराच वेळ त्या भाजीवाल्यापाशी उभा होतो. शेवटी त्यानेच विचारलं, काय देऊ म्हणून.

गेल्या हिवाळ्यात अण्णा आले. नुसते चहाला. अधूनमधून येतात.

"एक इचारायचं हुतं," ते म्हणाले. "दिवाळीपास्नं गाडीत साधंच भरतोय. नवा ड्रायव्हर म्हनला, चांगलं मिळंना. मी आपला तुझ्या नावानं भीत भीत बसायचो. काल ताम्हिणी चढून आलो. पाच मानसं, एसी. आवाज न्हाई काय न्हाई. आसं कसं?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. आता साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यामुळे त्याचा ऑक्टेन पूर्वीपेक्षा वाढलाय. हे खरं आहे. कुठल्याही इंजिनिअरला विचारा. अण्णांनी मान डोलावली असती आणि चहा संपवून गेले असते. चार वर्षांपूर्वीही मी एक असंच खरं वाक्य वापरलं होतं.

"अण्णा, तेव्हा पेट्रोलचा दोष नव्हता," मी म्हणालो. "प्लग चुकीचे होते. मीच बसवायला लावले होते. त्या दिवशी सकाळी मला ते दिसलं होतं."

अण्णांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता सगळ्या वर्कशॉपसमोर माझा उद्धार होणार. ते ओरडले नाहीत.

"म्हंजी मिलिंद..."

"तो खरं बोलत होता. शिफारसच होती."

"चार गावात चोर म्हनलोय मी त्याला," अण्णा म्हणाले. मग उठले. "टाय काढ ती. गाडीत बस."

मिलिंद घरी होता. दुपारच्या शिफ्टसाठी शर्टाला इस्त्री करत होता. वहिनींनी पाणी दिलं. अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मिलिंद, चुकलं माझं. शानपना न करता ऐकून घ्यायला पायजे हुतं." मग माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, केबिनमधलंसुद्धा.

मिलिंदने इस्त्री उभी केली.

"कुटला प्लग हुता?"

मी नंबर सांगितला.

"गरम जातीचा." त्याने मान हलवली. "मला वाटलंच हुतं. आवाज सर्व्हिसनंतर सुरू झाला. साधं तर मी आधीपन भरलं हुतं की. तवा कुटं वाजली?"

"मग त्याच वेळी बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"तू बोलशील म्हनून थांबलो."

वहिनी आत निघून गेल्या.

"परत ये," अण्णा म्हणाले. "तुझी जागा हाय."

"नगं अण्णा. कंपनीची बस हाय माझ्याकडं, हिंजवडीची. इजेवर चालती. तिला कुटलं पेट्रोल घालू म्हनून कुनाला इचाराया जावं लागत न्हाई."

अण्णा हसले. मला हसता आलं नाही.

"मग मी काय करू, सांग," अण्णा म्हणाले.

"जितं जितं बोलला, तितं तितं सांगा. तेवढं मातर करा."

अण्णांनी ते केलं. पुतण्याच्या लग्नात हळदीच्या पंगतीत उभं राहून सांगितलं, माझ्या नावासकट. विहाराची चावी मिलिंदकडे परत आली. मी मॅनेजरला लेखी दिलं. पाटणकर सर केव्हाच बदलून गेलेत. नव्या मॅडम म्हणाल्या, बंद झालेलं जॉब कार्ड सिस्टीममध्ये उघडत नाही, खाली फक्त रिमार्क टाकता येतो. टाकला. मला एक मेमो मिळाला. तो कमीच होता.

मिलिंद आता दिसला तर थांबतो, दोन शब्द बोलतो. मुलांचं विचारतो. गाड्यांचं बोलत नाही. त्याची बस भूगाववरून जाते. इतका तयार कान असलेला माणूस अशा गाडीत बसलाय जिच्यात ऐकण्यासारखं काही नाही. गॅरेजचा विषय मी काढला होता. "बघू," म्हणाला. आमच्या मुळशी तालुक्यात बघू म्हणजे नाही. मला हे कळतं, तरी पिरंगुटला गाळा भाड्याने देणे अशी पाटी दिसली की मी स्कूटर हळू करतो.

वर्कशॉपमध्ये नवीन येणाऱ्यांना मी सांगतो की एका वेळी एकच गोष्ट बदला. मी प्लग आणि पेट्रोल एकदम बदललं. गाडी बरी झाली, श्रेय पेट्रोलला गेलं आणि दोष माणसाला. आधी नुसते प्लग बदलून चढ चढून आलो असतो, तर तासाभरात सगळं उघड झालं असतं. मला ते माहीत होतं, म्हणूनच मी तसं केलं नाही.

बाकी, तुमच्या गाडीवर ९५ची शिफारस असेल तर मिळेल तेव्हा ९५ भरा. मिळालं नाही आणि खाली ९१ लिहिलेलं असेल तर ९१ भरून निर्धास्त घरी जा, फक्त चढावर फार दामटू नका. आणि टकटक ऐकू आलीच तर ड्रायव्हरकडे बोट दाखवण्याआधी शेवटची सर्व्हिस कुणी केली ते बघा.