पुकारलेला निकाल

उमेदीची सारी वर्षं वजीरभाई तमाशात सोंगाड्या होते. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा वारूळवाडीत त्यांनी इंटरनेटचं दुकान टाकलं. दोन कॉम्प्युटर, फोनची एक लाईन आणि दाराला फडातल्याच जुन्या कनातीचा पडदा.

दोन हजार पाच साली बारावीचा निकाल लागला, त्या दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वजीरभाई नंबर टाकत, खालची निळी पट्टी अर्ध्यापर्यंत सरके आणि पान पांढरंफटक. पुन्हा पहिल्यापासून.

"ही साईट हाय का आपली एस्टी, वजीरभाई?"

"राव, एस्टीला निदान मागनं ढकलता येतं."

नाचणाऱ्या बाईचा शृंगार लांबला, की पब्लिक उठू नये म्हणून सोंगाड्यानं विनोद करत वेळ काढायचा असतो. वजीरभाई तेच करत होते. लोक हसत होते. बाकावर वडिलांशेजारी बसलेली आरती तेवढी हसत नव्हती. पुण्यात नर्सिंगला तिची जागा ठरल्यात जमा होती. फक्त बारावी पास व्हायला हवी होती.

उन्हं कलली तशी साईट धावू लागली. फडात पैसे देणाऱ्या रसिकाचं नाव खणखणीत पुकारायची रीत असते. त्याच सवयीनं वजीरभाई एकेक निकाल पुकारू लागले. सार्थक पास, संस्कृती फस्ट क्लास. शिट्ट्या पडल्या.

"आता आपल्या धर्माजींची आरती," ते म्हणाले आणि मग पान उघडलं. इंग्रजीत नापास.

सगळे कान टवकारून उभे होते. तोंडाशी आलेलं वाक्य वजीरभाईंनी स्टेजवर कधी गिळलं नव्हतं. ते त्यांनी गिळलं.

"गेली साईट," ते म्हणाले. "आता तासभर तरी येत न्हाई."

कुणालाच नवल वाटलं नाही. साईटच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मंडळी चहाला पांगली.

"धर्माजी, तुमीबी या घोटभर घेऊन."

धर्माजी गेले. आरती जागची हलली नाही.

"काका, साईट गेली न्हाई ना?"

"न्हाई गं, पोरी."

त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिनं शांतपणे दोनदा वाचलं.

"आक्टोबरला पुन्हा बसते," ती म्हणाली. "नर्सिंग पुढल्या साली. पण आबांना मीच सांगणार, घरी जाऊन. लोकांम्होरं नगं."

"माझ्या तोंडून न्हाई जायचं."

ती बाहेर जाऊन चहाच्या टपरीवरून वडिलांना घेऊन गेली.

चहा उरकून मंडळी परतली, तेव्हा उरलेले निकाल वजीरभाईंनी चिठोऱ्यावर लिहून ज्याच्या त्याच्या हातात दिले. आदेशला पंच्याऐंशी टक्के होते. तो रुसला.

"माझं नाव का न्हाई पुकारलं, वजीरभाई?"

"घसा बसला, राव," वजीरभाई म्हणाले आणि त्यांनी पुढचा नंबर टाकला.