शांततेचं कार्ड
सांगलीच्या मनोविकाराच्या डॉक्टरांकडं माझा दोस्त टेपवरचं रोग्यांचं बोलणं कार्डांवर भोकं पाडून उतरवायचा. मुंबईचा कॉम्प्युटर ती भोकं वाचून त्यातले दुःखाचे शब्द मोजायचा. त्याचं भोकं पाडायचं यंत्र असं खडखडायचं, की पार पलूसच्या कोंबड्या अंडी घालायच्या विसरत!

माण तालुक्यातली एक रोगी बाई हळूहळू बोलायचीच थांबली. शांततेचं कार्ड नसतं, म्हणून त्यानं ती शांतता उतरवली नाही. कॉम्प्युटरनं कळवलं, दुःखाचे शब्द घटले. डॉक्टरांनी बरी झाली म्हणून घरी धाडली. तिनं विहीर जवळ केली.

तेव्हापासून चहा पिताना माझ्यासारखा बडबड्या जरा थांबला, तरी तो मनगट धरायचा. "बोल रं गड्या. शिव्या दे, पण गप बसू नगं."

परवा चहा पिताना तोच गप्प झाला. माझ्या थापा विसरून मी त्याचं मनगट धरून बसलो.