पाटल्या आणि फोनमधलं नाणं

माजलगावच्या मोंढ्यात मी उभी हयात आडत केली. सोयाबीनचं पोतं आलं की मूठभर दाणे हातात घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा, ओल किती ते कळायचं. मी "माल पाहिलाय" म्हटलं की खरेदीदार पुन्हा पोतं उघडत नसत. हेच शब्द मी एकदा न पाहिलेल्या मालासाठी वापरले.

माझी धाकटी बहीण शिरूर कासारला दिलेली. मेहुणे गेले, दुकान बंद पडलं, आणि आईने दिलेल्या सोन्याच्या पाटल्या तेवढ्या तिच्यापाशी उरल्या. माझ्या मुलाने तेव्हा फोनवरून एका डिजिटल नाण्यात थोडे पैसे घातले होते. तो जेवताना सांगायचा की ही नाणी मोजकीच निघणार, ती काढायला यंत्रं राबतात, त्याला खाणकामच म्हणतात. खाण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सोनं आलं. पुढचं मी ऐकलंच नाही.

राखीला बहीण आली तेव्हा मी तिला पाटल्या मोडून ते नाणं घ्यायला सांगितलं.

"दादा, पण ते हाय कुठं? हातात घेता येतं का?"

"सोनं तरी तू कुठं हातात घेऊन बसतीस? डब्यातच असतंय की."

"डबा हलवला की वाजतंय तरी."

मुलगा मध्येच म्हणाला, "आत्या, पाटल्या मोडू नको. बुडाले तरी चालतील एवढेच मी घातलेत."

"तू कालचा पोरगा," मी त्याला गप्प केलं. "मी माल पाहिलाय."

"मग गळ्याला हात लावून सांग," बहीण म्हणाली.

आम्ही लिंगायत, आमच्याकडे गळ्यात इष्टलिंग असतं. त्याला हात लावून कुणी खोटं बोलत नाही. मी सदऱ्यावरून लिंगाच्या चांदीच्या डबीला हात लावला. खोटं बोलतोय असं मला तेव्हा वाटलंही नाही. तिने पाटल्या मोडल्या आणि मुलाने आत्याच्या फोनवर सगळं करून दिलं, तेही माझ्याच सांगण्यावरून.

वर्षभरात नाण्याचा भाव मातीमोल झाला आणि मग ते ॲपच उघडेना. पोतं फाटलं तर दाणे सांडतात, कीड लागली तर तळाला भुसा राहतो. इथे झाडून घ्यायलाही काही नव्हतं. पाटल्या मात्र आहेत. सराफाने आटवल्या असतील, कुणाच्या तरी अंगावर असतील, पण त्यातलं गुंजभर सोनंही जगातून कमी झालेलं नाही. फक्त बहिणीच्या डब्यात ते नाही. या विचाराने रात्री माझा डोळा लागत नाही.

बहिणीच्या मुलाने, माझ्या भाच्याने, दोष माझ्या मुलाला दिला. नात्यातल्या एका बारशाला भर पंगतीत त्याने विचारलं, "का रं, आईच्या पाटल्या पचल्या का?" मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी वरण वाढत होतो. वाढत पुढे गेलो.

दोघा आतेमामेभावांचं बोलणं तेव्हापासून बंद आहे.

परवा बहिणीकडे जाऊन म्हणालो, "चूक माझी होती."

"मला काय सांगतूस? मी तिथंच होते की," ती म्हणाली. "तुझी अब्रू जाऊ नाही म्हणून गप बसले. सांगायचं तर माझ्या पोराला सांग."

तो माझा फोन उचलत नाही. म्हणून त्याच्यासाठी हे लिहून ठेवतो: तुझ्या मामेभावाने नको म्हटलं होतं. तुझ्या आईला ते नाणं घ्यायला लावणारा मी होतो.