डॉक्टरांच्या नावाची लाकडं

आमच्या शेणव्यात मयत झालं की घरटी एक लाकूड येतं. कुणाला सांगायला जावं लागत नाही. ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरचं लाकूड मात्र त्यात नसतं, आणि तेरावं होईतो दुसऱ्या कुणाच्या मयतालाही त्या घरातून लाकूड निघत नाही. त्या घरानं रडायचं, बाकीचं गावानं बघायचं. आणि मयतासाठी काढलेलं लाकूड पुन्हा घरात नेत नाहीत. गेल्या वैशाखात डॉक्टर महिपत निमसे गेले, तेव्हा गावानं रिवाजाप्रमाणे लाकडं काढली आणि पंचाईत करून ठेवली.

डॉक्टर मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात प्रोफेसर होते. मेलेल्या माणसाचं शरीर उघडून पोरांना आतली रचना शिकवायचे. मी मुरबाड डेपोचा कंडक्टर, त्यामुळे शनिवारी ते माझ्याच गाडीत भेटत. हाफपँट, खांद्याला पिशवी, आणि सीट रिकामी असली तरी दाराशी उभे, का तर डोंगर दिसावा. मी खेकसायचो, "डॉक्टर, पडाल आन् नोकरी माजी जाईल."

"पडलो तर कुठलं हाड मोडलं ते मीच सांगेन," म्हणायचे.

शेणव्याला बहिणीच्या हातचा चहा घेतला की लगेच आजोबा नावाच्या डोंगराच्या पायथ्याला, कान्हाच्या पाड्यावर. कान्हा नागली-वरी पिकवणारा माणूस. दोघं दिवसभर रानात हिंडत आणि चार शब्दही बोलत नसत. एकदा मी हौसेनं बरोबर गेलो आणि पुढचे दोन दिवस पाय चोळत बसलो. "देवानं चालायला पाय दिले, आणि माणसानं खुर्च्या केल्या," असं म्हणत डॉक्टर माझ्यावरच वैतागले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. रिटायर झाल्यावर ते कायमचे गावी आले, विधवा बहीण गोजरबाईकडे. पावसाळा सोडला तर घरात झोपायचे नाहीत. खळ्यावर बाज टाकायचे.

जेवताना गोजरबाईला सांगायचे, "मी गेलो की मला कॉलेजात पाठव. जन्मभर दुसऱ्यांची शरीरं उघडून शिकवलं, आता माझं झाकून कसं ठेवू?"

"जेवताना काय अभद्र बोलतोस रे दादा," म्हणत ती आणखी भात वाढायची.

वैशाखात एका पहाटे ते खळ्यावरच गेले, त्याच बाजेवर. उन्हं येईतो अंगणात लाकडांचा ढीग झाला. पोलीस पाटील सावळाराम तिरडी बांधायला बसला, आणि तेव्हा गोजरबाईनं भावाची इच्छा सांगितली.

सावळाराम उसळलाच. "रानात जल्म काढलेला मानूस, आन् त्याला खोलीत कोंडायचा? आग पन नाय द्यायची?"

मला त्याचं पटलं. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये, पण मला डॉक्टरांचा राग आला.

गोजरबाई म्हणाली, "मला तरी कुठं पटतंय? पन शब्द त्याचा हाय. मी मोडू कशी?"

कॉलेजात कळवलं, तशी तिथली गाडी आली. सोबत अक्षदा, डॉक्टरांची जुनी विद्यार्थिनी, आता तिथेच शिकवते. तिनं बाजेपुढे डोकं टेकलं आणि उठेचना. गोजरबाईनंच तिला उठवलं आणि विचारलं, "शिकवून झालं का परत देशाल ना गो?"

"आजी, बहुतेक नाही मिळत परत."

गोजरबाईनं ते 'बहुतेक' पदराला गाठ मारावी तसं धरलं. लाकडं तिनं मसणवटीच्या शेडखाली नेऊन रचायला लावली, वर जाड प्लास्टिक घातलं. "दादा यील. तवा त्याला सुकं लागंल." दहावं केलं नाही, तेरावं केलं नाही. पुढे गावात आणखी मयतं झाली, पण तिच्या दारातून लाकूड निघालं नाही. "माज्याच घरचं मयत अजून व्हायचं हाय," म्हणायची. लोक तिला वेडी म्हणू लागले. मी म्हटलं नाही, पण समजूतही घालू शकलो नाही.

श्रावणात कान्हा तापानं फणफणला. लेक संजीवनीनं त्याला डोलीतून शेणव्याला आणलं, आणि दवाखान्याच्या ओट्यावरच दुपारी त्यानं डोळे मिटले. मागे ओढ्याचा पूल पाण्याखाली गेलेला, पाड्यावर परत न्यायची सोय नाही. इथेच अग्नी द्यायचं ठरलं. पण परगावचा माणूस, आणि लाकडं तर सगळ्यांचीच भिजलेली. सुकी कुठे आहेत ते सगळ्यांना ठाऊक होतं. विचारायची छाती कुणाची नव्हती. सावळारामनं मला पुढे ढकललं.

गोजरबाई तांदूळ निवडत होती. माझं तोंड बघूनच म्हणाली, "कोन गेला?"

"कान्हा."

"दादाचा कान्हा?"

मी मान हलवली. तिनं सूप खाली ठेवलं. हातातले खडे पागोळ्यांत टाकले. मग म्हणाली, "न्या."

"सगळी?"

"अर्ध्या लाकडात कोन जळतो का रे?"

माझ्या तोंडून निसटलंच, "आन् डॉक्टर आले तर?"

"नाय यायचा तो," ती म्हणाली. "मास्तर मानूस. पोरं हायत तवर शिकवत ऱ्हाईल." एवढं बोलून ती रडली. भाऊ गेल्यापासून तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मलाही आवरलं नाही.

आम्ही प्लास्टिक काढलं. आतली लाकडं खडखडीत होती. सरण रचून झालं, कान्हाला वर ठेवला, तोच वाटेवर गोजरबाई दिसली. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, आणि पदराखाली काहीतरी धरलेलं. बाया मसणात येत नाहीत, तीही शेडच्या अलीकडेच थांबली. पदर बाजूला करून तिनं चुलीजवळचं एक सुकं लाकूड पुढे केलं.

"घरटी एक," ती म्हणाली. "हे माज्या घरचं."

सावळारामनं भिजत जाऊन ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कान्हाच्या छातीवर ठेवलं.